म्हातारीचा ऑक्सिजन

दादाच्या जुनाट पिकअपला घरात सगळे 'म्हातारी'च म्हणत. सासरी असलेल्या दोन्ही आत्यांना आणायला निघायच्या ऐन वेळी ती गॅरेजात अडकली, म्हणून त्याने थोरल्या आत्याला घाईघाईत फोन केला, "तुम्हा दोघींना घ्यायला येता येत नाही गं. म्हातारीचा ऑक्सिजन भलताच दाखवतोय, वायरी लावून तपासणी चाललीय."

दुपारी मेकॅनिकला दोष सापडला. इंजिनाच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर ठणठणीत होता. त्याचा निरोप नेणारी वायरच सायलेन्सरला टेकून वितळली होती.

वायर बदलून दादा घरी पोचला, तर दारात दोन्ही आत्या रडून रडून डोळे सुजवून उभ्या, आणि समोर आजी, हातात चहाचा कप घेऊन, चक्रावलेली.

धाकटी आत्या डोळे पुसत थोरलीच्या कानाशी लागली, "म्हणजे, आईच्या बांगड्यांची वाटणी रद्द?"