फुल राइड

"तेविसावं कॉलेज गेलं," नशरा म्हणाली आणि तिने लॅपटॉपचं झाकण आपटलं.

"का गो? ह्यांचं काय दुखलं?" मुरादने नातीला विचारलं.

"वर्षाला बेचाळीस लाख, दादा."

मुरादने मनातल्या मनात तिन्ही टेम्पो विकले, वर तुडील गावातली भातजमीन विकली, तरी दुसरं वर्ष काही उजाडेना.

चार महिने ह्या घरात हेच चाललं होतं. घरातून एकाने अमेरिकेत शिकायला जायचं ठरलं होतं, आणि ठरलं म्हणजे ठरलं. शाळा झालेली आफ्रिकेत, मोंबासाला. दाखला मागवला तर तिकडून उत्तर आलं, शाळेचं नाव दोनदा बदललंय, रजिस्टर शोधतो. शोधलं बिचाऱ्यांनी. मार्क असे, की बघून पोलादपूरचे निवृत्त इंग्रजी मास्तर नागसेन सर खुर्चीतून उठलेच. अमेरिकेतल्या कॉलेजांना मोंबासा चालत होतं, मार्क चालत होते. बिनपैशाचं माणूस तेवढं चालत नव्हतं.

"कुणीतरी पूर्ण खर्च उचलेल," सर म्हणत. "शोधत राहा, नशरा."

पोलादपूरला राजेंद्रच्या टपरीवर चहा प्यायला थांबलं की तोच विषय.

"मुरादभाय, नातीच्या अमेरिकेचं कुठवर आलं?"

मुराद बशीवर फुंकर घालत राही. "चाललंय."

"घर सुनं व्हनार तुमचं."

"ते तर व्हनारच," मुराद म्हणाला, आणि एवढं मात्र अगदी पोटातून आलं.

घरात ईमेल एकच, टेम्पो सर्व्हिसचा, आणि तो मुरादच्या फोनवर. मंगळवारी आंबेनळी घाटात इंजिन गार करायला तो थांबला असताना फोन वाजला. चोविसाव्या कॉलेजचं पत्र! इंग्रजी त्याला गाडीच्या कागदांपुरतं येई. त्यातून दोनच गोष्टी हाती लागल्या. चार वर्षं. आणि फुल राइड.

आता राइड म्हणजे काय हे मुरादला कुणी शिकवायची गरज नव्हती. तीस वर्षं तो तेच विकत होता. म्हणजे हे अमेरिकावाले चार वर्षं फुकट ने-आण करणार! मुरादच्या घरचं माणूस दुसऱ्याच्या गाडीत, तेही फुकट? त्याचं नाक लाल झालं. त्याने तिथंच फोनमध्ये बोलून उत्तर धाडलं. "थँक्यू. राइड नॉट वॉन्टेड. वी आर ट्रान्सपोर्ट पीपल. गिव्ह टु पुअर स्टुडंट."

घरी येऊन त्याने ही मर्दुमकी सांगितली. नागसेन सर तिथंच बसले होते. त्यांचा चहा सदऱ्यावर सांडला.

"मुरादभाई, ती राइड गाडीतली नव्हे हो! फी, राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं कॉलेज देणार. सगळं!"

"आणि ते शेवटचं होतं, दादा," नशरा म्हणाली. "पंचविसावं नाहीच."

मुरादची बायको झुबेदा आतून आली. तिने ओढणी खोचली आणि तांदळाच्या पिठाची परात नवऱ्यापुढे सरकवली.

"थापा. आपली भाकरी आपण. सवय लावून घ्या आत्तापास्नं."

"अगो, चुकलं माझं."

"चुकलं म्हनं! उभ्या जन्मात ह्या मानसाकडं एक गोष्ट मागितली, ती बी ह्यानं परत धाडली. भाडं पन न घेता!"

सरांनी बसल्या जागी माफीचं पत्र लिहिलं आणि सगळे उत्तराची वाट बघत बसले. नऊ दिवस. झुबेदा त्याच्याशी बोलेना. मुरादच्या भाकऱ्यांना रोज नवा आकार येई, पण गोल एकही नाही. कोंबड्यासुद्धा आधी बाजूने फिरून बघत, मग चोच मारत.

दहाव्या दिवशी उत्तर आलं. नशराने उभं राहून वाचलं. "आमच्या समितीत तुमचं पत्र मोठ्याने वाचलं गेलं. दोनदा. मिळालेलं गरिबाला द्या म्हणणारं घर आम्हाला आजवर भेटलं नव्हतं. शिष्यवृत्ती कायम आहे. विमानतळापर्यंतची राइड मात्र तुम्हीच द्या."

नागसेन सरांनी आयुष्यात पहिल्यांदा शिट्टी मारली. झुबेदा नऊ दिवसांनी हसली, आणि मुरादला एकदम भूक लागली.

ऑगस्टमध्ये धुऊन पुसून टेम्पो अंगणात उभा राहिला. अर्धं तुडील लोटलं. पोलादपूरहून राजेंद्र झेंडूचा हा भला मोठा हार घेऊन आला आणि त्याने तो सरळ नशराच्या गळ्यात घातला.

"जा गो पोरी, नाव काढ! टपरीवाल्याला विसरू नको."

नशरा हसत सुटली. हार काढून ती गर्दीतून वाट काढत टेम्पोपाशी गेली आणि पुढच्या सीटवर बसलेल्या झुबेदाच्या गळ्यात तिने तो घातला.

"दादी, वर्गात पहिल्या बाकावर बस हां. आणि हॉस्टेलला पोचलीस की लगेच फोन कर!"