जिन्यावरच्या चपला

लोहारा गावच्या व्यापारी संकुलातले वरचे रिकामे गाळे भरावेत म्हणून नगरपंचायतीनं नव्या दुकानदारांना वर्षभर निम्मं भाडं माफ केलं आणि सोनालीनं तिथं ब्लाउज शिवायचं दुकान थाटलं. पण महिना झाला तरी जिना कुणी चढेना. "सोमवारी किल्ली परत करते," ती रडकुंडीला येऊन सासूबाईंना म्हणाली. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार. सासूबाईंनी घरातल्या झाडून साऱ्या चपला पोत्यात भरून आणल्या आणि जिन्याच्या पायऱ्यांवर मांडल्या. "चपला दिसल्या की माणूस वर डोकावतंयच!" बाजाराला आलेल्या बाया खरंच थबकल्या, "वर काय हाय गं?" म्हणत चपला काढून आत शिरल्या. संध्याकाळी सोनाली ब्लाउजपिसांच्या ढिगात बुडालेली, सासूबाई अनवाणी निघालेल्या. "आत्याबाई, तुमची चप्पल?" "नेली कुणीतरी, स्वतःची इथं ठेवून," त्या हसल्या. "बदलायला येईलच उद्या, तवा माप घे तिचं!"