नकोराजी

“नकोराजी ना? मी शिंप्याकडून ऐकला,” वस्तरा पुसत न्हावी म्हणाला. “पण बाई, शब्द कोशात घातलात तर माझंही नाव छापा हं!”

बाई कशाबशा हसल्या. कोशकचेरीची रीतच होती ती. नवा शब्द कानावर आला की कुणाकडून ऐकला ते विचारायचं, मग त्या माणसाला गाठायचं, असं मागे मागे जात मूळ शोधायचं. एरवी बाई हौसेने हिंडायच्या. या वेळी पाय जड झाले होते.

नकोराजी म्हणजे ज्याला राजकारणच नको, हा पक्ष नको आणि तोही नको, असा माणूस. दादाने भर बाजारात स्वतःला नकोराजी म्हणवून घेतलं आणि त्याला उचलून नेलं. चौकशीच्या साहेबांनी बाईंना अदबीने खुर्ची दिली होती. “शब्द कुणी काढला तेवढं शोधा. तुमचा भाऊ घरी आलाच म्हणून समजा.”

शिंप्याने नर्सबाईंकडे बोट दाखवलं, नर्सबाईंनी छापखान्यातल्या आजोबांकडे. कुणी आढेवेढे घेतले नाहीत. कोशातल्या बाईंना कोण कशाला घाबरेल? बाई प्रत्येक नाव साहेबांच्या कानावर घालत होत्या.

न्हाव्याच्या दुकानाला कुलूप लागलं. मग शिंप्याच्या. बाईंना स्वतःची लाज वाटली. पण घरी वहिनी दारातच उभी असायची, आणि बाई पुन्हा चपला घालायच्या.

“कुणाकडून म्हणजे?” छापखान्यातले आजोबा म्हणाले. “बाजारातल्या गर्दीत कुणीतरी मोठ्याने बोललं. तोंड नाही दिसलं, पोरी. शब्द मात्र झकास!”

बाई तिथून थेट चौकशीच्या कचेरीत गेल्या. त्यांनी साहेबांपुढे हात जोडले. “माग इथेच तुटला, साहेब. हवं तर मला धरा, पण दादाला सोडा.”

“मूळ आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं,” साहेब शांतपणे म्हणाले. “आम्हाला तो शब्द बोलणारे हवे होते.”

“मग माझा दादा?”

आतलं दार उघडलं. दादा बाहेर आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात साहेबांच्याच कचेरीचं ओळखपत्र.

“म्हटलं नव्हतं, साहेब?” तो कौतुकाने म्हणाला. “शब्द मी सोडतो, माणसं गोळा करायला आमच्या धाकटीला पाठवा.”