विजयमालाची चक्कर

“गर्भपिशवी काढून टाक. चक्कर आपोआप जाती,” मुकादम बजरंग म्हणाला आणि त्यानं कपबशी खाली ठेवली.

ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्यातलं एक माणूस मोडलं की अख्खा कोयता बाद. गेल्या हंगामात ट्रकला लावलेल्या फळीवरून राधाकिशन आणि विजयमाला, दोघंही मोळ्यांसकट खाली आले होते. धुरळा बसायच्या आत विजयमाला म्हणाली होती, “मला चक्कर आली.” तेव्हापासून गावात तिचं नाव चकरेशिवाय कुणी घेत नव्हतं.

“तुमच्या त्या डॉक्टरनं मला नीट तपासलं तरी का?” विजयमालानं विचारलं. “बाईला चक्कर म्हनलं की ह्यांची सुरी पिशवीवरच. मी न्हाई काढनार.”

“मग यंदा घरीच बसा दोघं. फळीवरून पडून कुनी मेलं तर मलाच निस्तरावं लागतंय.”

“आमी न्हाई का काढली?” सासू दैवशालाबाई चुलीपासून म्हणाल्या. “टोळीतल्या किती बायांनी काढली. हिचीच काय सोन्याची हाय?”

राधाकिशन दाराशी कोयत्याला धार लावत होता. त्यानं मान वर केली नाही. बायकोवर चहूकडून तोंडसुख घेतलं जात असताना हा गडी मुका. विजयमालाला नवरा नाही, खांब मिळालाय, असं गावात बोललं जायचं ते उगीच नाही.

पाथरीच्या दवाखान्यात चकरेचं कारण शोधणारं यंत्र आलंय, ही बातमी गावातली आशा कार्यकर्ती सवितानं आणली. दुसऱ्याच दिवशी विजयमाला नवऱ्याला घेऊन जीपमध्ये बसली.

यंत्र अजून बाजारात आलेलं नव्हतं. ते कितपत खरं सांगतं, हे डॉक्टर धम्मशीला तपासून बघत होत्या. डोळ्यांच्या कडेला चिकटवायच्या पट्ट्या आणि कानामागं काडेपेटीएवढी डबी, बस्स. चक्कर आली की माणसाची बुबुळं उडतात. पट्ट्या ते टिपून ठेवणार.

डॉक्टरांनी आधी विजयमालाला कॉटवर झटकन आडवं केलं, मान वळवली, डोळे पाहिले. बुबुळं जागच्या जागी होती.

“आत्ता तर काहीच दिसत नाही.”

“दवाखाना दिसला की दुखनं पळतंय मॅडम.”

डॉक्टर हसल्या. “म्हणूनच हे घरी न्यायचं.”

“पट्ट्या सवता लावायच्या, का दुसऱ्यानं लावल्या तरी चालतंय?”

“चालतं. जागा तेवढी चुकू द्यायची नाही.”

विजयमालानं प्रत्येक जागा बोट ठेवून पुन्हा विचारून घेतली.

गावात तर तमाशाच झाला. चेहऱ्यावर पट्ट्या लावून विजयमाला हापशीवर गेली, डोक्यावर एकावर एक दोन घागरी घेऊन ताठ मानेनं परत निघाली. पाणी हिंदकळलंसुद्धा नाही.

“चक्कर येनारी बाई अशी चालती व्हय?” शेजारच्या सुमनबाईनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. “कामाच्या भीतीनं ढोंग करायलीय.”

“ढोंग बगायचं तर तिकीट काढा,” विजयमाला म्हणाली आणि चालत राहिली.

रोज झोपताना जुन्या पट्ट्या काढून नव्या लावाव्या लागत. त्या कामाला मात्र राधाकिशन न चुकता हजर असायचा. निदान एवढं तरी करतो, असं दैवशालाबाईंना वाटलं. पण सुनेला त्यांनी सोडलं नाही.

“यंत्रात कायबी न्हाई निगालं तर?”

“तर माज्या पायानं जाऊन पिशवी काढून येते.”

राधाकिशनच्या हातातला घास थांबला. “असं बोलू नगं,” तो म्हणाला.

निकालाच्या दिवशी विजयमाला मुकादमाच्या दारात उभी राहिली. “तुमी बी चला. तुमच्या कानानं ऐका.”

डॉक्टर धम्मशीलांनी पडद्याकडे बोट केलं. “दिवसभर सगळं शांत आहे. पण झोपताना आणि पहाटे उठताना बघा, बुबुळं कशी उडतायत. कानाच्या आत बारीक खडे असतात, ते जागा सोडून भलतीकडं गेलेत. आडवं होताना, उठताना, मान वर करताना त्यामुळंच गरगरतं.”

“गर्भपिशवीमुळं न्हाई?” विजयमालानं विचारलं. बघत होती मुकादमाकडे.

“तिचा काडीचाही संबंध नाही. कॉटवर निजवून मान ठरावीक पद्धतीनं फिरवली की खडे जागेवर जातात. बहुतेकांना एकदोन खेपेत बरं वाटतं.”

“मग फळीवर चढता येतंय?” बजरंगनं विचारलं.

“बरं वाटल्यावर का नाही?”

मुकादमानं मान खाजवली. डॉक्टरीण समोर असल्यावर आडमुठेपणा तरी किती करणार. “मग माजी ना न्हाई. ह्यांचा कोयता यंदा टोळीत. जबान दिली.”

“मॅडम, तुमी साक्षीला बरं का,” विजयमाला म्हणाली.

डॉक्टरांनी कॉटवर हात थोपटला. “चला, या इकडं.”

विजयमाला उठली. तिनं राधाकिशनच्या खांद्यावरचा टॉवेल काढून घेतला आणि दंडाला धरून त्याला कॉटकडे नेलं.

“व्हा आडवे. रातच्या पट्ट्या तुमच्याच डोळ्यांला व्हत्या,” ती त्याला म्हणाली आणि बजरंगकडे वळली. “बोला मुकादम, आता ह्यांची पिशवी कवा काढायची?”