ओल्या फडक्यातलं चॉकलेट

कल्पना करा, तुम्ही डोंगर चढताय. ऊन वर आलंय, सॅकचे पट्टे खांद्यांत रुतताहेत, आणि तुमच्याजवळ एक मोठं चॉकलेट आहे. ते वितळू द्यायचं नाही. कुठे ठेवाल?

वरच्या कप्प्यात ठेवलं तर ऊन लागेल. पाठीलगत ठेवलं तर तुमच्याच अंगाची ऊब लागेल. या मुलीने काय केलं ते बघा. चॉकलेट पत्र्याच्या डब्यात घातलं, डब्याभोवती ओलं फडकं गुंडाळलं, आणि ते गाठोडं जाळीच्या पिशवीत घालून सॅकला सावलीच्या बाजूने लटकवलं. वारा लागला की फडक्यातलं पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. मडक्यातलं पाणी गार राहतं ते असंच.

फक्त एक अडचण होती. वाट वळली की सावलीची बाजू बदलायची. मग मुलगी थांबायची, पिशवी या बाजूची त्या बाजूला करायची. फडकं चाचपायची, जरा कोरडं वाटलं की बाटलीतलं पाणी शिंपडायची. चार पावलं जायची, पुन्हा थांबायची.

"हवालदारबाई, कैदी पळाला का?" मागून मामा विचारायचा.

सहल मामानेच ठरवली होती. लहानपणी तो आणि त्याची ताई, म्हणजे मुलीची आई, याच डोंगरावरून अर्ध्यातून परतले होते. मामाचे पाय दुखायला लागले आणि त्याने रडून गोंधळ घातला. माथ्यापलीकडचं तळं पाहायची ताईची फार इच्छा होती. ते राहूनच गेलं. या खेपेला ते तिला दाखवायचंच, असं मामाने मनाशी धरलं होतं.

आणि आता मायलेकींचं हे काहीतरीच. घरून निघतानाच दोघींचं ठरलं होतं की चॉकलेट वितळलं तर असू तिथून परत फिरायचं. मामाला हे कळलं तेव्हा तो आधी हसला, मग चिडला. ताई, तू हिला फार डोक्यावर चढवून ठेवलंयस, म्हणाला. आई एवढंच म्हणाली की ठरलंय ते ठरलंय.

दुपारी ओढ्याकाठी थांबले. मामाने पाव आणि उकडलेली अंडी काढली. आई हात धुवायला झाडांमागे गेली, आणि मुलगी गाठोडं घेऊन तिच्या मागोमाग. सकाळी न्याहारीआधीही हेच झालं होतं. चॉकलेटलाही जेवणाआधी हात धुवायचे असतात वाटतं, असं मामा म्हणाला. जेवण झाल्यावर त्याने बिस्किटं पुढे केली. आईने घेतली नाहीत. दाढ दुखतेय म्हणाली.

मामाचं लक्ष पुन्हा गाठोड्याकडे गेलं. "एवढ्याशा चॉकलेटला एवढा डबा कशाला गं?"

"हलू नये म्हणून खाली कापूस घातलाय," मुलगी म्हणाली.

"आणि समजा वितळलंच, तर ओढ्यात बुडवायचं. पुन्हा कडक. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल. एकदा वितळून गोठलं ना मामा, की त्यावर पांढुरके डाग धरतात. कडक होतं, पण पहिल्यासारखं होत नाही."

मामाने कपाळाला हात लावला आणि सॅक उचलली.

संध्याकाळी ते माथ्याखालच्या निवाऱ्यात पोचले. एकच खोली होती. भिंतीलगत फळ्यांचे बाक, कोपऱ्यात लोखंडी शेगडी, दाराशी बुटांची रांग. जेवणाआधी मायलेकी बाहेर जाऊन आल्या. चॉकलेट जसंच्या तसं होतं. मुलीने फडकं पुन्हा भिजवून पिशवी खुंटीला अडकवली.

मामाने खिडकीतून माथा दाखवला. उद्या सकाळी इथून पुढे गेलं की खालच्या गावात परतायला रात्र होणार होती. इथून मागे फिरलं तर दुपारच्या आत पोचता येत होतं. पण आता मागे कोण फिरतंय, असं मामा म्हणाला. आई बराच वेळ खिडकीशी उभी होती.

मुलगी झोपेतही चुळबुळत होती. सकाळी डोळा उघडताच तिचा हात खुंटीकडे गेला. पिशवी तिथे नव्हती. शेगडीवरच्या तारेला लटकत होती.

"टपटप गळत होतं ते फडकं," मामा म्हणाला. "म्हटलं, शेगडी पेटलेली आहे तोवर वाळेल. उघडलं नाही हां मी, शपथ."

शेगडी केव्हाच विझली होती. खोलीत दात वाजावेत इतकी थंडी होती. मुलीने गाठोडं काढलं. फडकं खडखडीत वाळलं होतं. तिने खिडकीशी जाऊन डबा उघडला. मामाने तिच्या खांद्यावरून हात घालून चॉकलेटवर बोट आपटलं. ठक् असा आवाज आला.

"दगड आहे नुसता. जिंकलीस तू. ताई, बूट चढव."

आईने एक पाय बुटात घातलाही होता. ती तशीच थांबली.

"कडक आहे ना?" तिने लेकीकडे न बघता विचारलं. "मग झालं तर."

मुलीने चॉकलेट उजेडात तिरकं धरलं. कडा बसल्या होत्या. चौकोनांमधल्या रेघा बुजल्या होत्या. आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पांढुरके डाग पसरले होते.

बाहेर माथ्यावर ऊन आलं होतं. अगदी जवळ दिसत होता तो.

"आता बघत काय बसलीस?" मामा म्हणाला. "खाऊन टाक, म्हणजे प्रश्नच मिटला."

मुलीने अख्खं चॉकलेट मामाच्या हातात दिलं. मग डब्यातला कापूस उचलून त्याखालची, चॉकलेटइतकीच तापलेली आईची इन्सुलिनची इंजेक्शनं त्याच्या दुसऱ्या हातावर ठेवली, आणि सॅक पाठीला लावून खाली उतरणाऱ्या वाटेला लागली.