एकोणिसाचा वार

फाशावर एकोणीस पडला आणि विनिता खुर्चीतून उडालीच.

"क्रिटिकल! माझा एकोणीसला पण लागतो, विसरलात काय?"

वडपे गावातल्या गोडाऊनवरच्या ऑफिसात दर रविवारी दुपारी चार खुर्च्या टेबलाला लागत. मालकाचा मुलगा भावेश खेळ चालवायचा. राक्षस, चेटके, किल्ले सगळे त्याच्या तोंडून निघायचे. खेळणारे तिघे, प्रत्येकाचं खेळात एक पात्र. ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी विनिता, सुपरवायझर हितेश, आणि आठवडाभर खाली पार्सलं उचलणारा दिघाशीचा देवू.

बाकीच्यांना वीस बाजूंच्या फाशावर वीस पडला तरच वार जिव्हारी, म्हणजे क्रिटिकल, लागायचा. विनिताच्या चोराला, म्हणजे काजळीला, एकोणीसही चालायचा. कारण तिने मध्येच चोरी बाजूला ठेवून तीन लेव्हल फायटरच्या, म्हणजे लढवय्याच्या, घेतल्या होत्या. तोवर तिचा चोर मागे पडला, आणि हितेश तिला "एक ना धड, भाराभर चिंध्या" म्हणून चिडवत राहिला. पण चोराने लपून वार केला की मूठभर फासे जास्तीचे मिळतात, आणि तो क्रिटिकल लागला की तेच दुप्पट. ही अक्कल तिला देवूने दिली होती. जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या खोक्यावर फासे टाकून टाकून त्याने तिला हे पटवलं होतं.

"थांब," भावेश म्हणाला. तो गालातल्या गालात हसत होता. "काजळीनं अंधारातनं सुरा घातला. पहारेकऱ्याचा बुरखा खाली पडला. आत कोण हाय? रानोबा!"

रानोबा म्हणजे देवूचा शिकारी. गेल्या रविवारी तो जंगलात हरवला होता, असं सगळे समजत होते.

देवूला मात्र ठाऊक होतं. त्या दिवशी खेळ संपल्यावर भावेशने त्याला जिन्यात गाठलं होतं. तुझ्या रानोबावर चेटूक झालंय, आता तू शत्रूच्या बाजूचा, कुणाला सांगू नको, असं म्हणाला होता. देवू हरखला होता. घरी बहिणीला, सखीला, त्याने मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, की मालकाच्या पोरानं आपल्याला खास काम दिलंय.

आणि आज त्याच्या खुर्चीमागे विशाल उभा होता. भावेशच्या बहिणीचा दीर, शेलार गावचा. त्याला खेळायचं होतं आणि खुर्ची रिकामी नव्हती. बहिणीच्या सासरच्या माणसाला असं ताटकळत ठेवणं शोभत नाही. आणि या टेबलाचा नियम होता, मेला तो उठला. विशालचा हात मघापासून देवूच्या खुर्चीच्या पाठीवर होता. देवूच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला, की खास काम म्हणजे खुर्ची रिकामी करणं, आणि त्याला स्वतःच्याच आनंदाची लाज वाटली.

"बोल विनिता," भावेश म्हणाला. "मारायचं का बेशुद्ध करायचं? वार तुझा, मर्जी तुझी."

बेशुद्ध म्हटलं असतं, तर पुढच्या रविवारी रानोबा उठला असता. देवूही बसला असता.

"अय्या, देवू, तू होतास?" विनिताने तोंडावर हात घेतला.

"बेशुद्ध केलास तरी जिंकशील तूच," देवू हळूच म्हणाला. "चेटूक उतरवता येतंय. मी हाय मंग तुमच्याच बाजूनं."

"बेशुद्ध?" हितेश हसला. "इतके दिवस चोराला रखडवला, तो काय अंगाई गायला?"

सगळे हसले. विशाल सगळ्यांत मोठ्याने.

"अरे, मोजू तर दे आधी," विनिता म्हणाली. तिने आपले सहा बाजूंचे फासे गोळा केले. दुपटीला ते पुरेनात. तिने हात पुढे केला. "देवू, तुझे दे ना जरा."

देवूने दिले. त्यातल्या एका फाशावर नेहमी मोठा आकडा पडायचा. तोही दिला.

तिने दोन्ही मुठींत फासे खुळखुळवले आणि टाकले. एवढे सहाचे आकडे त्या टेबलावर कधी कुणी पाहिले नव्हते. हितेशने बेरीज करून शीळ घातली. "एवढ्यात रानोबा दोनदा मरेल!"

विनिताने देवूकडे पाहिलं. मग परत फाशांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा फुलला.

"मारला," ती म्हणाली. "सॉरी हां देवू. पण असा क्रिटिकल परत पडेल का मला कधी?"

टेबलावर थापा पडल्या. त्या गलक्यात देवू उठला; त्याला कुणी ऊठ म्हणालं नाही. विशालने खुर्ची पुढे ओढली आणि ऐसपैस बसला.

"मला पण असाच चोर पायजे," तो म्हणाला. "हे फायटरचं काय लफडं हाय?"

"देवूला विचार, त्याचीच आयडिया," विनिता म्हणाली, अगदी मनापासून.

"सांग रं त्याला," भावेश कागद चाळत म्हणाला. "नि मंग नाक्यावरनं भजी घेऊन ये. उठलासच हायस तर."

देवूला वाटलं, टेबल उलथून टाकावं. फासे, कागद, त्या रानोबाचं मढं, सगळं जिन्यावरून खाली जाऊ दे. पण सकाळी खाली ड्युटी होती, आणि ड्युटीवर हितेश होता. देवू विशालच्या खांद्यावरून वाकला आणि कोऱ्या कागदावर बोट ठेवलं.

"पयला चोरच घ्या, शेठ. घाई न्हाय करायची. मंग तीन लेव्हल फायटरच्या. लोक हसतील, हसू द्यायचं. आणि एकोणीस पडला का, समोर कोण हाय तं बघत बसायचं न्हाय."