लाल निकाल

चेतन एका औषध कंपनीच्या वेबसाइटचं काम बघायचा. 'तुमचं हृदय कसं आहे?' ही तिथली चाचणी त्यानेच बनवली होती. उत्तरं काहीही द्या, निकाल लालच यायचा आणि खाली कंपनीच्या गोळ्यांची जाहिरात उघडायची.

एका रविवारी त्याची आई प्रेमलाबाई मंडईतून भाजी घेऊन वारज्याच्या घरी आली ती धापा टाकतच. पिशव्या खाली ठेवून तिने मोबाईल त्याच्यापुढे धरला.

"सकाळी ही चाचणी केली रे, लाल आलंय. डॉक्टरांना दाखवू का? हल्ली जिना चढताना छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं."

चेतनला हसू आवरेना. "अगं आई, हे मीच बनवलंय. उद्या एखाद्या पैलवानाने भरलं तरी लालच येईल."

"मेल्या, लोकांना असं घाबरवतोस होय," म्हणत तीही हसली आणि निर्धास्त होऊन मेथी निवडायला बसली.

आठवड्याभरात ती गेली. हार्ट अटॅक.

ऑफिसातल्या साहेब नम्रता मॅडम भेटायला आल्या, तेव्हा चेतन रडत रडत एवढंच म्हणू शकला, "आईने आपली चाचणी केली होती, मॅडम. निकाल लाल आला होता."

मॅडमनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग हळूच विचारलं,



"आईंचा एखादा हसरा फोटो आहे का रे? लाल निकालाखाली टाकू. 'यांनी दुर्लक्ष केलं.'"